काकाने पाठवलेला मोहर



आज ज्या चित्राविषयी लिहितोय, ते तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. चित्रकाराचं नाव कदाचित माहीत नसेल, पण चित्र पाहिलेलं असणार. निळ्या-हिरवट आकाशावर पसरलेल्या वेड्यावाकड्या फांद्या आणि त्यांवर पांढरी फुलं. कॉफीचा मग, उशीचा अभ्रा, मोबाइलचं कव्हर, छत्री... दोह्यातल्या कुठल्याही मॉलमध्ये तासभर फिरलं तर ते एकदा तरी दिसतंच. आमच्या घरी ते कॅलेंडरच्या पानावर आलं. फेब्रुवारीचं पान होतं. महिना संपला तरी आम्ही ते उलटलं नाही.

मग गेल्या वर्षी पुण्याला आमच्या धाकट्या भावाला मुलगा झाला. बारशाला जायचं ठरलं होतं, पण नेमकी तेव्हाच रजा मिळाली नाही. शेवटी बारसं पाहिलं ते व्हिडिओ कॉलवर. फोन कुणाच्या तरी हातात. कधी घराचं छत दिसतंय, कधी पाळण्याची दोरी, कधी आजीच्या पैठणीचा काठ. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, सगळे हसले, टाळ्या वाजल्या आणि नेमका त्याच क्षणी फोन अडकला. नाव आम्हांला पाच मिनिटांनी मेसेजवर कळलं! परदेशात राहणाऱ्यांना यात नवीन काही नाही. प्रश्न पडला तो पुढे. बाळाला पाठवायचं काय? कपडे तिथे मिळतात, खेळणी तिथे मिळतात. सोन्याचं वळं आजीने आधीच केलेलं.

आहेर शोधता शोधता त्या कॅलेंडरच्या पानाखालची बारीक अक्षरं वाचली आणि मग पुढे वाचत गेलो. तेव्हा कळलं की हे चित्र मुळात नव्या बाळासाठी पाठवलेला आहेरच आहे. दूर राहणाऱ्या, बाळाला पाहायला येऊ न शकणाऱ्या काकाने पाठवलेला. त्या काकाचं नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग. आम्ही पडलो इंजिनियर, चित्रकलेतलं आम्हांला काही विशेष कळत नाही. तेव्हा जाणकारांनी चूकभूल द्यावी घ्यावी. पण ही गोष्ट आपल्या मंडळातल्या प्रत्येक काका, मामा, आत्या आणि मावशीला सांगावीशी वाटली, म्हणून हा लेख.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३चा. नेदरलँड्सच्या दक्षिणेला, बेल्जियमच्या सरहद्दीजवळ झुंडर्ट नावाचं एक गाव आहे, तिथला. वडील प्रोटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक, म्हणजे घर प्रतिष्ठित पण पैसा बेताचा. आपल्याकडे जसं आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तसंच त्या घरातही चालायचं. व्हिन्सेंट हे त्याच्या आजोबांचं नाव. एका काकांचंही तेच. इतकंच काय, बरोबर एक वर्ष आधी, ३० मार्च १८५२ला, या आई-वडिलांना झालेलं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं आणि त्याचंही नाव व्हिन्सेंटच ठेवलं होतं. नावाची ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती परत येणार आहे.

व्हिन्सेंटच्या पाठीवर पाच भावंडं. त्यातला थिओ त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, १८५७चा. या दोन भावांचं जे काही जमलं, ते जन्मभरासाठी.

सोळाव्या वर्षी व्हिन्सेंट द हेग शहरात चित्रं विकणाऱ्या एका मोठ्या फ्रेंच पेढीत नोकरीला लागला. काकांची ओळख होती. तिथून लंडन, मग पॅरिस. पण गिऱ्हाइकाला गोड बोलून चित्र गळ्यात मारणं त्याला जमेना. १८७६ साली ती नोकरी गेली. मग इंग्लंडमध्ये शाळामास्तर, हॉलंडमध्ये पुस्तकांच्या दुकानात कारकून, धर्मशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास आणि तोही अर्धवट. पुढे बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या भागात तो धर्मप्रचारक म्हणून गेला. तिथल्या मजुरांचे हाल पाहून याने स्वतःजवळचे कपडेलत्तेही वाटून टाकले आणि झोपडीत राहू लागला. वरिष्ठांना हे काही पसंत पडलं नाही, त्यांनी नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर सत्ताविसाव्या वर्षी या माणसाचा बायोडेटा कुठल्याही एचआरने बाजूला ठेवला असता! त्याच वर्षी, १८८० साली, त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं.

आणि इथून पुढे थिओ महत्त्वाचा. तो त्याच पेढीत टिकला, वर चढला, पुढे पॅरिसमधली शाखा सांभाळू लागला. दर महिन्याला तो भावाला पैसे पाठवायचा. ठरलेली रक्कम बराच काळ महिन्याला १५० फ्रँक होती, पुढे त्याहून जास्त. शिवाय रंग आणि कॅनव्हास वेगळे. आपण आखातातली माणसं, महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पाठवणाऱ्याचा हिशेब असतो आणि घेणाऱ्याचा संकोच असतो. या संकोचातूनच व्हिन्सेंटने एक व्यवहार सुचवला. पैसे हे उपकार नकोत, त्याबदल्यात आपण काढू ती चित्रं थिओच्या मालकीची. कागदावर हा व्यवहार थिओच्या तोट्याचाच होता, कारण चित्रं कुणी घेत नव्हतं. पत्रांची ये-जा मात्र अखंड चालू होती. व्हिन्सेंटने थिओला लिहिलेली साडेसहाशेच्या आसपास पत्रं आज शिल्लक आहेत.

सुरुवातीची त्याची चित्रं अगदी काळसर, मातकट आहेत. १८८५ सालचं ‘बटाटे खाणारे’ हे त्यातलं प्रसिद्ध चित्र. कंदिलाच्या उजेडात जेवायला बसलेलं शेतकरी कुटुंब. १८८६ला तो पॅरिसला थिओकडे राहायला आला आणि तिथे त्याच्या रंगपेटीत उजेड शिरला. तिथेच त्याला जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचं वेड लागलं. ही चित्रं तेव्हा पॅरिसमध्ये स्वस्तात मिळायची. दोघा भावांनी ती शेकड्यांनी जमवली. त्यातलं हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं एक चित्र, प्लमच्या मोहरलेल्या बागेचं, व्हिन्सेंटने १८८७ साली तैलरंगात पुन्हा काढलं. फांदी डोळ्यांच्या अगदी जवळ, चौकटीने मधूनच कापलेली आणि तिच्यामागे लांबवर माणसं. आपण खिडकीतून बाहेर डोकावताना दिसावं तसं. हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

फेब्रुवारी १८८८मध्ये तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल या गावी गेला. ऊन शोधत गेला आणि पोचला तेव्हा गावावर बर्फ पडलेलं! पण त्या बर्फातच बदामाची झाडं फुलायला लागली होती. त्याने एक डहाळी तोडून आणली, पेल्यात ठेवली आणि रंगवली. नंतर पीच, प्लम, जर्दाळू, नासपती अशा एकेका बागेला मोहर येत गेला आणि हा पठ्ठ्या बागेबागेतून हिंडत राहिला. मार्च-एप्रिलच्या सुमाराच्या काही आठवड्यांत त्याने मोहरलेल्या बागांची १४ चित्रं काढली. त्या भागात मिस्त्राल नावाचा बोचरा वारा सुटतो. चित्राची घोडी उडून जाऊ नये म्हणून तिचे पाय जमिनीत खुंट्या ठोकून बांधावे लागायचे. मोहर थोड्या दिवसांचा पाहुणा, त्यामुळे वारा थांबायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. याच दिवसांत त्याचे नातेवाईक आणि सुरुवातीचे गुरू आंतोन माव्ह यांच्या मृत्यूची बातमी आली. गुलाबी मोहराने भरलेल्या पीचच्या झाडांचं एक चित्र त्याने त्यांच्या स्मरणार्थ म्हणून त्यांच्या पत्नीला पाठवलं. म्हणजे मोहर भेट द्यायची कल्पना त्याच्या मनात तेव्हापासूनच होती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात आर्लमध्ये जे घडलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. चित्रकार गोगँशी झालेलं भांडण, स्वतःचा कान कापून घेणं. ही हकिगत इतक्या वेळा सांगितली जाते की व्हॅन गॉग म्हणजे कान कापणारा माणूस, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. आम्हांलाही एवढंच माहीत होतं. असो. त्याला आजाराचे झटके येऊ लागले. त्या काळच्या डॉक्टरांनी तो अपस्माराचा प्रकार मानला. नेमका आजार कोणता, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. मे १८८९मध्ये तो आपण होऊन जवळच्याच सॅं-रेमी इथल्या मनोरुग्णालयात दाखल झाला. खिडकीला गज, बाहेर गव्हाचं शेत, पलीकडे डोंगर. बरं वाटत असलं की चित्रं काढायची, झटका आला की सगळं बंद. ‘तारांकित रात्र’ हे जगप्रसिद्ध चित्र तिथलंच, जून १८८९चं.

इकडे एप्रिल १८८९मध्ये थिओचं योहाना बोंगर या मुलीशी लग्न झालं होतं. आणि जुलैमध्ये त्या नव्या भावजयीचं पत्र आलं. घरात पाळणा हलणार होता! मुलगा झाला तर नाव व्हिन्सेंटच ठेवणार, असंही तिने कळवलं. विचार करा मंडळी. ज्याच्यापाशी ना नोकरी, ना घर, ना बायको, जो स्वतःच मनोरुग्णालयात, त्याचं नाव बाळाला! व्हिन्सेंटला स्वतःलाच ते पटत नव्हतं. त्यापेक्षा वडिलांचं नाव ठेवलं असतं तर बरं, असं त्याने पुढे आईला कळवलंसुद्धा. पण थिओ आणि योहाना आपल्या म्हणण्यावर ठाम होते. २९ जानेवारी १८९०च्या रात्री, बाळंतपण अगदी तोंडावर आलेलं असताना, योहाना आपल्या या दिराला पत्र लिहीत बसली होती. ३१ जानेवारीला पॅरिसमध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं व्हिन्सेंट विलेम.

बातमी सॅं-रेमीला पोचली तेव्हा काका नुकताच एका झटक्यातून सावरत होता. पॅरिसला जाऊन बाळाला पाहणं शक्य नव्हतं. खिशात पैसे नव्हते, आणि होते तेही भावानेच पाठवलेले. जवळ होतं ते काम करायचं कसब आणि बाहेर फुललेला बदाम. त्याने लगेच कॅनव्हास घेतला, साधारण ७३ सेंटिमीटर उंच आणि ९२ सेंटिमीटर रुंद, आणि भावाच्या झोपायच्या खोलीत लावण्यासाठी चित्र सुरू केलं. तेच हे चित्र. ‘बदामाचा मोहर’.

आता हे चित्र आमच्याबरोबर जरा सावकाश पाहा. घरात छापील प्रत असेल तर ती समोर घ्या.

पहिली गोष्ट, यात जमीन नाही. बुंधा नाही. क्षितिज नाही, घर नाही, माणूस नाही. फक्त फांद्या आणि आकाश. झाडाखाली उताणं पडून वर पाहिलं तर दिसेल तसं. आता सांगा, घरात उताणं पडून वर कोण पाहत असतं? पाळण्यातलं बाळ! व्हिन्सेंटने मुद्दाम हा विचार केला होता असं आम्ही म्हणणार नाही, कारण फांद्या अशा कापून दाखवायची रीत त्याने जपानी चित्रांतून उचललेली होती. पण आमच्या लेकीने हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जमिनीवर आडवी पडून ते पाहायला लागली, हे मात्र खरं.

दुसरी गोष्ट म्हणजे फांद्या. फुलं नाजूक आहेत, पण फांद्या अजिबात नाजूक नाहीत. वाकड्या, गाठी आलेल्या, शेवाळी-करड्या, कडेने गडद रेघ ओढलेल्या. हे झाड वाऱ्यातलं आहे, थंडीतलं आहे. आणि त्याला पानं जवळजवळ नाहीतच. बदामाचं झाड थंडीत पूर्ण बोडकं होतं आणि पालवी फुटायच्या आधी, फेब्रुवारीतच, फुलून येतं. आजूबाजूची झाडं झोपलेली असताना. पुन्हा बर्फ पडलं, कडाका वाढला तर तो मोहर जळूनही जातो. म्हणजे धोका पत्करून फुलणारं झाड आहे हे.

तिसरी गोष्ट, फुलं. लांबून सगळी सारखी वाटतात. जवळून पाहा, एकही दुसऱ्यासारखं नाही. काही पूर्ण उमललेली, काही अर्धी, काही नुसत्या लालसर कळ्या. व्हिन्सेंटची इतर चित्रं पाहिलीत तर त्यात रंगाचे जाड फटकारे असतात, सगळं गरगरत असतं. इथे तसं नाही. इथे आकाश शांत आहे आणि हात ठरलेला आहे. आपल्या सगळ्या कामांत हे सर्वांत धीराने केलेलं आहे, असं त्याचं स्वतःचंही मत होतं. म्हणजे ज्या माणसाला जग माथेफिरू म्हणून ओळखतं, त्याने पुतण्यासाठी काढलेलं चित्र हे त्याचं सर्वांत धीराचं चित्र. आम्हांला या गोष्टीतलं सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं.

इथे थोडं विषयांतर, पण गरजेचं. बदामाचं झाड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो शाळेच्या आवारातला देशी बदाम. मोठाली पानं, ती लाल होऊन गळतात, आणि फळ दगडाने फोडून आतली इवलीशी बी खायची. दोह्यातही काही बागांतून तो दिसतो. पण तो हा बदाम नव्हे, दोघांचं गोत्रच वेगळं. आपण दुधात वाटून घालतो तो खरा बदाम हा पीच-जर्दाळूचा भाऊबंद, गुलाबाच्या कुळातला. त्याला थंडी लागते. त्यामुळे महाराष्ट्रात तो कुणाच्या परसात नसतो.

मग हे चित्र आपलंसं का वाटतं? कारण आपल्याकडे त्याच सुमाराला, पौष-माघात, आंबा मोहरतो. मोहराचा तो वास, झाडाभोवती घोंघावणाऱ्या माश्या, आणि ढग आले की बागाईतदाराच्या कपाळावर पडणारी आठी. मोहर आला म्हणजे आंबा आला असं नाही, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. हजारो फुलांतून थोडी फळं धरतात. आम्ही इथे दर वर्षी मे महिन्यात हापूसच्या पेटीची वाट पाहतो, पण मोहर शेवटचा कधी पाहिला हे आठवेना. शाळांच्या सुट्ट्या जुलै-ऑगस्टच्या, तेव्हा गावी गेलं तर मोहर सोडाच, आंबाही संपलेला. आमच्या लेकीला आंबा पेटीतला माहीत आहे, झाडावरचा नाही. हे लक्षात आलं तेव्हा जरा वाईट वाटलं.

असो. गोष्टीकडे परत येऊ.

चित्र झालं आणि लगोलग व्हिन्सेंटला पुन्हा झटका आला. या वेळचा लांबला, जवळजवळ दोन महिने. तो बरा होऊन बाहेर पाहतो तो मोहर संपत आलेला. अशी आणखी चित्रं काढायची होती, ती राहूनच गेली. १८९०च्या त्या मोहरातून हाती लागलं ते हेच. एप्रिलच्या शेवटी इतर चित्रांबरोबर त्याने ते पॅरिसला पाठवून दिलं. ते थिओच्या घरात लागलं, आणि बाळ काकाच्या चित्रांकडे, विशेषतः या फुललेल्या झाडाकडे, टक लावून पाहत असतं, असं योहानाने त्याला कळवलं. कुठल्याही समीक्षकाने लिहिलेल्या लेखापेक्षा ही पावती मोठी म्हणायची. समीक्षकांचंही लक्ष तेव्हा नुकतंच जायला लागलं होतं. १८९०च्या सुरुवातीलाच पॅरिसच्या एका मासिकात त्याच्यावर कौतुकाचा लेख आला होता, आणि ब्रसेल्सच्या प्रदर्शनात ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र आना बोक या चित्रकर्तीने ४०० फ्रँकला विकत घेतलं होतं.

मे महिन्यात व्हिन्सेंट सॅं-रेमी सोडून उत्तरेला निघाला आणि वाटेत तीन दिवस पॅरिसला थांबला. योहानाने त्याला तोवर कधी पाहिलेलं नव्हतं. आजारी, खंगलेला माणूस येईल असं तिला वाटलं होतं, आणि दारात उभा राहिला तो रुंद खांद्यांचा, धडधाकट, हसरा गडी. थिओने त्याला पाळण्याजवळ नेलं. दोघे भाऊ झोपलेल्या बाळाकडे पाहत उभे राहिले आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. योहानाने हे पुढे लिहून ठेवलं आहे. ज्याच्यासाठी ते चित्र काढलं त्याची आणि काकाची ही पहिली भेट.

मग तो पॅरिसजवळच्या ऑव्हेर या गावी राहायला गेला. जूनमध्ये थिओ, योहाना आणि बाळ एका रविवारी तिथे गेले, तेव्हा काका स्टेशनवर पुतण्यासाठी पक्ष्याचं घरटं घेऊन उभा होता. पण दिवस चांगले राहिले नाहीत. २७ जुलैला त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि २९ जुलै १८९०ला, थिओ जवळ असताना, त्याने डोळे मिटले. वय ३७. जेमतेम दहा वर्षांच्या कामात त्याने साडेआठशेच्या आसपास तैलचित्रं काढली होती. सहाच महिन्यांनी, जानेवारी १८९१मध्ये, थिओही गेला. तो ३३ वर्षांचा होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. अठ्ठावीस वर्षांची विधवा, कडेवर वर्षाचं मूल आणि घरभर न विकलेली चित्रं. योहाना सगळं घेऊन हॉलंडला परतली. बुसुम नावाच्या गावात तिने राहायला येणाऱ्यांसाठी खाणावळीसारखं घर चालवलं, भाषांतरं केली आणि त्या घराच्या भिंतींवर दिराची चित्रं टांगली. मग एकेक प्रदर्शन, एकेक ओळख, एकेक विक्री. १९०५ साली आम्स्टरडॅमला तिने साडेचारशेहून अधिक कामांचं प्रदर्शन भरवलं. १९१४ साली भावाभावांची पत्रं छापली. त्याच वर्षी थिओच्या अस्थी हॉलंडहून ऑव्हेरला नेऊन व्हिन्सेंटच्या शेजारी ठेवल्या. १९२४ला सूर्यफुलांचं एक चित्र तिने मोठ्या जिवावर येऊन लंडनच्या नॅशनल गॅलरीला दिलं. पण बदामाचा मोहर तिने विकला नाही. ती १९२५ साली गेली तोवर व्हॅन गॉग हे नाव जगभर झालं होतं. आज आपण हे चित्र मगवर पाहतो ते तिच्यामुळे.

आणि ते बाळ? मंडळी, ते बाळ मोठं होऊन इंजिनियर झालं! डेल्फ्टला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलं. नावाचा घोटाळा होऊ नये म्हणून लोक त्याला नुसतं इंजिनियरच म्हणायचे. हे वाचून आम्हांला किती आनंद झाला म्हणून सांगू! या इंजिनियरने वारशात आलेला संग्रह फुटू दिला नाही. लिलावात एकेक चित्र काढून तो वाटेल तेवढा श्रीमंत झाला असता. त्याऐवजी त्याने १९६०च्या सुमारास संस्था स्थापन केली, १९६२ साली डच सरकारशी करार करून २००हून अधिक चित्रं, शेकडो रेखाटनं आणि ती सगळी पत्रं एकत्र राहतील अशी व्यवस्था लावली. १९७३ साली आम्स्टरडॅमला व्हॅन गॉग संग्रहालय उघडलं. ‘बदामाचा मोहर’ आज तिथल्या संग्रहात आहे. पुतण्या १९७८ साली, ८७ वर्षांचा होऊन गेला. काकाच्या वाट्याला आली त्याच्या दुपटीहून अधिक वर्षं त्याला मिळाली, आणि त्यातली कितीतरी त्याने काकाने मागे ठेवलेलं सांभाळण्यात घालवली.

काका-पुतण्याची प्रत्यक्ष गाठ पडली असेल ती मोजून काही दिवस. पुतण्याला त्यातलं काही आठवणं शक्यच नव्हतं. त्याला काका भेटला तो भिंतीवरच्या फांद्यांतून आणि आईने सांगितलेल्या गोष्टींतून. बारसं हुकलेल्या आम्हांला या गोष्टीने धीर दिला. दूर राहून नातं तुटतंच असं नाही. पण पैसे आणि पार्सल पाठवून ते आपोआप टिकतं असंही नाही. स्वतःच्या हातचं, वेळ खर्चून केलेलं काहीतरी पाठवावं लागतं, आणि तिकडे ते जपून ठेवणारी, त्याची गोष्ट सांगणारी एक योहाना लागते.

आम्हांला चित्र काढता येत नाही. तेव्हा आम्ही या चित्राची एक चांगली छापील प्रत घेऊन, चौकट करून, पुण्याला पाठवली. सोबत आमच्या लेकीने क्रेयॉनने काढलेला मोहर पाठवला. तिने आकाश गुलाबी आणि फुलं निळी केली आहेत. वहिनीने दोन्ही चित्रं पाळण्याजवळ शेजारी शेजारी लावली. परवा व्हिडिओवर पुतणेबुवा एका चित्राकडे हात करून काहीतरी बोलत होते. कुठल्या, ते सांगायची गरज नाही!

जाता जाता एक. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोह्यातही फळझाडं फुलतात बरं का. रस्त्याच्या कडेच्या खजुरांना तेव्हा पिवळसर तुरे येतात आणि शेतांवर, बागांमधून माळी नर झाडाचे तुरे मादी झाडावर हाताने बांधतात. आपण त्यांच्याखालून रोज गाडी नेतो, वर पाहत नाही. या वर्षी एकदा मुलांना घेऊन थांबा आणि वर पाहा.

आणि आमचं म्हणाल तर, या खेपेला जुलैची तिकिटं काढलेली नाहीत. माघात गावी जायचं ठरवलंय, आंबा मोहरलेला असताना. रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेवला आहे. बघू या मंजूर होतो का!